खोक्यात ठेवलेली माया

अण्णा, लहान पोराच्या हातातलं काम काढून घेणाऱ्या मोठ्या माणसांची तुम्हाला चीड होती, आणि मला आहे. आपल्या बाप-लेकीचं हे दुखणं सारखं, म्हणून हे तुम्हालाच लिहिते. जिवंत माणसांना सांगून पाहिलं, तर त्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझे केस आता तुमच्यापेक्षा पांढरे आहेत, पण तुम्ही टाळी वाजवणार नाही याची मला खात्री आहे. तुम्ही दातांत धरलेली सुई काढाल आणि म्हणाल, "आगं, मुद्द्याचं बोल."

मुद्दा विटांचा आहे. भट्टीतल्या नव्हेत, प्लास्टिकच्या. बोटाच्या पेराएवढ्या, लाल, पिवळ्या, निळ्या. वरच्या अंगाला बटणासारखे उंचवटे, खालून पोकळ. एकीवर एक दाबली की टच्च करून बसते. त्यांचे खोके मिळतात आणि खोक्याच्या कोपऱ्यात एक आकडा छापलेला असतो. तीन, पाच, आठ. म्हणजे त्या वयाच्या पोराच्या बोटांना आणि डोक्याला हे झेपेल. इतका साधा आकडा. तो वाचता येत नाही अशी शिकलेली माणसं मी साताऱ्यापासून सांगलीपर्यंत ढिगानं पाहिली. त्यांच्या भिंतींवर पदव्या लटकतात. मला त्यांची किळस येते, अण्णा. वीट या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ का आहेत ते मला या वयात कळलं.

तुमचं दुकान आठवतं. माधवनगरात सूतगिरणीच्या वाटेवर चार फळ्या, वर पत्रा, पायमशीन आणि भिंतीला टांगलेली कात्री. दोरा तेव्हा लाकडी रिळावर यायचा. रीळ रिकामं झालं की तुम्ही ते टाकत नाही, सदऱ्याच्या बाहीला घासून पुसता आणि पत्र्याच्या डब्यात ठेवता. गिरणीतून कुणी सूत गुंडाळायच्या जाड कांड्या आणून दिल्या, त्याही त्याच डब्यात. बायका झंपराचं माप द्यायला येतात, कडेवर पोर असतं, ते माप घेऊ देत नाही. मग डबा उघडतो. पण डबा कधी पोरापुढं उपडा होत नाही. तुम्ही आधी पोराच्या हाताकडं बघता. सगळं तोंडात घालणारं असेल तर जाड कांडी, एकच. दोन्ही हातांनी धरणारं असेल तर दोन मोठी रिळं. बटणांची बरणी मात्र कायम वरच्या फळीवर. मोठं पोर असलं तरी तुम्ही म्हणायचा, "बटन पोराच्या हातात न्हाई, पोटात जातंय."

एकदा एक बाई चिडली होती. तिच्या हातात नव्या झंपराचं कापड, पायाशी दीड वर्षाचं पोरगं.

"आवं, दोनच रिळं व्हय? डबाभर हायती की. आमचं पोरगं लय हुशार हाय."

"हुशार हाय म्हनूनच दोन. खुळं असतं तर धा दिली असती. टाकली असती हिकडं तिकडं."

"मग तिसरं कवा देनार?"

"त्येनं मान वर केली की."

ती हसली. तिला वाटलं तुम्ही थट्टा करताय. मी तिथंच बसून काजांना दोरा घालत होते, मला माहीत होतं की ती थट्टा नव्हती. पोर रचत असतं तेव्हा त्याची मान खाली असते. हात थरथरतात, जीभ बाहेर येते. जमलं की मान आपोआप वर होते, कुणी बघितलं का म्हणून. त्या वेळी तिसरं रीळ त्याच्या पुढ्यात यायला हवं. आधी नाही, नंतर नाही. पोर वैतागून रिळं फेकायला लागलं तर तुम्ही काही न बोलता एक काढून घ्यायचा. सगळं जग रडणाऱ्या पोराला खेळणं वाढवून देतं, तुम्ही कमी करून द्यायचा. आणि पोर गप्प व्हायचं. पुढं मी बालशिक्षणावरची जाडजूड पुस्तकं वाचली, त्यांवर व्याख्यानं दिली. त्यांत याहून जास्त काही सापडलं नाही, फक्त वाक्यं लांब होती.

मला तुम्ही एकदाच रागावलात. मी नऊ वर्षांची, धाकटी बहीण अडीच वर्षांची. मी तिच्यासाठी सात रिळांचा मनोरा रचला आणि ती टाळ्या पिटायला लागली. मशीनचा आवाज बंद झाला. तुमचा पाय थांबला की दुकानात काहीतरी चुकलंय हे मला कळायचं.

"ती काय करतीया?"

"बघतीया, अण्णा."

"आनि रचतंय कोन?"

"मी. तिला जमत न्हाई."

"तिला जमत न्हाई, का तू जमू देत न्हाईस? मग तुजी परीक्षा मी दिऊ का? चौथी नापास हाय मी, दिऊ?" मी मान खाली घातली. "हात मांडीखाली घे. दोनी."

मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. धाकटीनं मनोऱ्याला एक लाथ घातली, त्यातली दोन रिळं उचलली आणि एकावर एक ठेवली. तीनदा पडली. चौथ्यांदा राहिली. माझ्या हातांना मुंग्या आल्या होत्या. तिनं मान वर केली, तुम्ही वाकून तिसरं ठेवलंत, आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

जून महिन्यात दुकानात गणवेशांचा ढीग लागायचा. सगळ्यांचं एकच सांगणं, "वाढत्या अंगाचं शिवा." तुम्ही परकराच्या घेराला आणि सदऱ्याच्या बगलेला शिलाईच्या आत चार बोटं जास्तीचं कापड दडवून ठेवायचा. त्या कापडाला शिंपी माया म्हणतात. पुढच्या वर्षी पोर वाढलं की टीप उसवायची, माया बाहेर काढायची, पुन्हा टीप मारायची. पोर तेच, कापड तेच. अशाच एका जूनमध्ये सुट्टीवर आलेला एक जवान गणवेशाचं माप द्यायला मोठ्या लेकीला घेऊन आला. काखेत एक खोका होता. लोखंडी पट्ट्या, नट, बोल्ट, पाना. धाकट्या लेकासाठी आणलेला. लेक दोन वर्षांचा.

"त्येला काय करायचं ह्ये?" तुम्ही विचारलंत.

"वाढत्या अंगाचं आनलंय, अण्णा. मोटं झाल्यावर बी खेळंल."

तुम्ही टेप गळ्यात टाकलात आणि त्या खोक्याकडं बघत म्हणालात, "गड्या, कापडात माया ठिवता येती. खेळन्यात न्हाई. सदरा मोटा झाला तर पोरगं बाही दुमडून हिंडतंय. खेळनं मोटं झालं तर पोरगंच दुमडतंय."

जवान म्हणाला, "तुमी बी काय बोलताय, अण्णा," आणि खोका घेऊन गेला.

आता मागच्या पंधरवड्यातलं सांगते. साताऱ्यात माझी लेक राहते, तिची मुलगी साडेतीन वर्षांची. ती ज्या नर्सरीत जाते तिथं विटा रचण्याची स्पर्धा होती. पोर आणि एक पालक, वेळ एक तास. प्रमुख पाहुणी म्हणून मला बोलावलं होतं. साताऱ्यात मी कुठंही गेले तरी लोक मला खुर्ची देतात आणि बोलायला लावतात, हा माझा जुना रोग. नातीच्या वाढदिवसाला घरात विटांचा एक मोठा खोका आलेला होता. किल्ल्याचा. बुरूज, दरवाजा, झेंडे, कडीला लटकणारा पूल. कोपऱ्यात आकडा आठ. जावयानं तो दोन संध्याकाळी बसून पुस्तिकेत बघून बांधला होता आणि टीव्हीच्या वर ठेवला होता. नातीला त्याला हात लावायची परवानगी नव्हती. स्पर्धेसाठी तो सोडवून पुन्हा बांधायचा होता.

त्या सभागृहात मी जे पाहिलं ते तुम्ही पाहिलं असतं तर कात्री घेऊन उठला असता. टेबलांवर वाकलेले बाप, घाम पुसणाऱ्या आया, आणि पोरं मागच्या भिंतीला टेकून वेफर्स खात बसलेली. एका टेबलावर पाटी, "अजिंक्यतारा, वय चार वर्षे". चार वर्षांचा तो कलाकार बापाच्या खिशातला फोन बघत होता. एकानं विटेकडं हात नेला तर फाडकन हातावर बसली. "हात लावू नगंस म्हटलं ना! परीक्षक येऊ दे!" एका टेबलाखाली एक पोरगी बसली होती. दोन विटा तिनं एकीवर एक लावल्या होत्या, त्या सोडवायच्या, पुन्हा लावायच्या, असं तिचं चाललं होतं. त्या अख्ख्या सभागृहात विटा रचणारं ते एकच माणूस. इतक्यात तिची आई खाली वाकली आणि किंचाळली, "आवं, हितं हायती बघा! मगापासनं दोन कमी पडत्यात म्हनतोय, हिनं लपवून ठिवल्यात!" विटा हिसकावल्या गेल्या आणि वर मनोऱ्यात बसल्या. पोरगी रडली नाही. सवयीची असावी.

माझ्या नातीचं काम असं होतं, की बाप म्हणेल "लाल", तर लाल उचलून द्यायची. बाप म्हणेल "ही नाही, चार बटणांची", तर परत ठेवायची. शेवटी तिनं ढिगात हात घालणंच सोडलं. किल्ल्याला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं द्यायला संयोजकांना माझ्यामुळं लाज वाटली असावी. बक्षीस माझ्याच हातून. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईनं नातीच्या तोंडापुढं माइक धरला. "एवढा मोठा किल्ला कुणी बांधला गं बाळा?"

"पप्पांनी," ती म्हणाली. "मला येत नाही."

सभागृह हसलं, अण्णा. दीडशे माणसं हसली. "किती गोड," असं कुणीतरी मागून म्हणालं. एक साडेतीन वर्षांचं पोर माइकवर सांगतंय की मला येत नाही, आणि यांना ते गोड वाटतंय.

मग मी बोलले. कशी बोलले म्हणून सांगू! आवाज चढला, हात उठला. मी म्हणाले, तुम्ही पोरांसाठी खेळणी आणत नाही, शेजाऱ्यांसाठी आणता. खोक्यावरचा आकडा वयाचा आहे, तो पोराच्या परीक्षेचा गुण नव्हे की जितका मोठा तितकं बरं. तीन वर्षांच्या पोराला मुठीत मावणाऱ्या जाड दहा-बारा विटा बस होतात. त्यांची त्यानं भिंत केली, पाडली, गाडी म्हणून ढकलली की त्याचं शिक्षण झालं. तुमच्या आठच्या खोक्यानं ते शिकतंय एकच धडा, की आपल्याला येत नाही. लाज बाळगा! असं शेवटी म्हणाले. आणि टाळ्या पडल्या. उठून उभे राहून वाजवल्या त्यांनी. अजिंक्यताऱ्याचा बाप सगळ्यात पुढं. नंतर एक बाई धावत आली. "मॅडम, लय भारी बोललात. डोळं उघडलं बघा. एक फोटू काढूया का? ह्यो मनोरा आमच्या पिल्लूनं केलाय." मी फोटोला उभी राहिले. तेही मी केलं.

घरी येताना जावई पुढं किल्ला मांडीवर सांभाळत बसला, गाडी लेक चालवत होती. मागं नात माझ्या खांद्याला टेकून झोपली होती. लेक आरशातून माझ्याकडं बघत होती.

"भाषण छान झालं, आई."

"छान कसलं. लोकांना काही वाटलं पाहिजे."

"हं. एक राहिलं का पण त्यात?"

"काय?"

"खोका कुणी आणला होता ते."

जावई खिडकीबाहेर बघायला लागला. मी झोपलेल्या नातीच्या फ्रॉकची कड सारखी करत बसले. बोलण्यावर जगलेली बाई मी.

खोका मी आणला होता, अण्णा. सांगलीत व्याख्यानाला गेले होते, तिथल्याच एका दुकानातून. दुकानदारानं आधी बरोबर तेच दाखवलं. तीनचा आकडा, आत वीस जाड विटा, बाकी काही नाही. मला ते फिकं वाटलं. नात माझी, तिला एवढंसं? माझी नजर वरच्या किल्ल्यावर गेली ती त्यानं हेरली. "मॅडम, ते दोन महिन्यांत जुनं होतंय. ह्यो घ्या, वाढत्या अंगाचा. पाच वर्षं बघायला नको." वाढत्या अंगाचा! आपल्या दुकानातला शब्द. इतक्या वर्षांनी तो कानावर पडला आणि मला भरून आलं. तुम्हीच सांगताय असं वाटलं. कापडात माया ठेवता येते, हे तुमचं अर्धं वाक्य लक्षात होतं. उरलेलं अर्धं, जे त्या जवानाला सांगितलंत, ते मी विसरले होते. खोका रंगीत कागदात गुंडाळून घेतला आणि एसटीत मांडीवर धरून बसले, मिरवत. त्या सभागृहातल्या प्रत्येकाची किळस आली म्हणते मी, पण ते निदान आपापल्या अडाणीपणानं चुकले. मी तुमच्या दुकानात वाढून चुकले. तुम्ही गेल्यावर दुकान रिकामं करताना रिळांचा तो डबा भंगारवाल्याला देणारीही मीच. तेव्हा मी नुकती शिक्षिका झाले होते, मला तो कचरा वाटला.

तुम्ही म्हणाल, झालं ते झालं. पण झालं ते संपलेलं नाही. नात आता फ्रॉकचं बटण लावत नाही. "मला येत नाही, तू लाव." खडू हातात दिला तर माझ्या हातात परत देते. "तू काढ, मला येत नाही." चपलेचा पट्टा, डब्याचं झाकण, सगळ्याला एकच उत्तर. आधी ही पोर झाकण स्वतः उघडायची, मी पाहिलंय. दुमडलं पोरगं, अण्णा. तुमच्या शब्दात सांगायचं तर नीट दुमडलं.

म्हणून साताऱ्यातच राहिले. जावई कामावर गेल्यावर किल्ला टीव्हीवरून उतरवला आणि मोडला. लेक म्हणाली, "तो चिडेल." मी म्हणाले, "चिडू दे." त्या ढिगातून साध्या, लांबट, आठ बटणांच्या तेवढ्या विटा शोधल्या. सहा घेतल्या. झेंडे, कड्या, बारीक तुकडे, पुस्तिका, सगळं खोक्यात भरलं, दोरीनं बांधलं आणि माळ्यावर टाकलं. पुढच्या वर्षी थोडं काढू, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी थोडं. खाली उतरताना माझ्या लक्षात आलं की मी काय केलंय. तुमचं एक वाक्य मी खोटं पाडलंय. खेळण्यातही माया ठेवता येते. चार बोटं आत दडवायची नसतात, सहा विटा सोडून बाकी सगळं दडवायचं असतं, एवढाच फरक.

मग तिच्यासमोर फरशीवर सहा विटा ठेवून बसले. "मला येत नाही," ती म्हणाली. बऱ्याच वेळानं तिनं एक उचलली, दुसरीवर ठेवली, तिरकी. दाबली, बसेना. आणि मी म्हणाले, "अगं, सरळ धर ना." तोंडातून गेलंच. हातही पुढं गेला. तिनं वीट माझ्या तळहातावर ठेवली आणि उठून गेली. पुढचे दोन दिवस ती त्या विटांकडं फिरकली नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, लेकीलाही नाही. हजार माणसांपुढं बोलणाऱ्या बाईला एका पोरापुढं गप्प बसता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी दोन्ही हात मांडीखाली घेतले. ओठही आत ओढून धरले. तिनं तीन विटा लावल्या. दोनदा सुटल्या. या वयात हाताला मुंग्या लवकर येतात. मग तिनं मान वर केली. "येत नाही" असं म्हणाली नाही. मी चौथी पुढं सरकवली. बस, एवढंच झालं. बटण अजून मीच लावते.

हे पत्र टपालात पडणार नाही. माधवनगरात दुकानाच्या जागी आता काय आहे ते बघायला मी कधी गेले नाही. पण नर्सरीनं येत्या शनिवारी पुन्हा बोलावलंय, मागचं भाषण लोकांना फार आवडलं म्हणून. या वेळी भाषण नाही. उभी राहीन, किल्ल्याचा खोका मी आणला होता हे आधी सांगेन, आणि मग एवढंच सांगेन: आज घरी गेल्यावर घरातला खोका उघडा, पोराच्या मुठीत बसतील अशा, त्यातल्या त्यात मोठ्या सहा विटा जमिनीवर ठेवा, आणि बाकीचा खोका दोरीनं बांधून माळ्यावर टाका.